चेंडू टाकणाऱ्याने माइक हाती घेतला तेव्हा

प्रश्न : आमच्या घरचे पोट्टे मोबाइलवर अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मॅचा पाह्यतात. त्यातला बोलणारा माणूस आधी स्वतः मोठा ‘पिचर’ होता, असं पोरगं सांगत होतं. मले तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पिचर म्हणजे आपला बॉलरच काय? खेळ सुटल्यावर हे लोकं बोलाच्या कामात कसे येतात? आन आपल्यातला, मराठीत बोलणारा असा कोणी बॉलर आहे काय?
– एक वाचक, रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर विदर्भातल्या माणसाला लगेच आठवेल. असा गोलंदाज आहे आणि त्याचं नाव धवल कुलकर्णी. १४ मार्च २०२४ ला वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना संपला, तेव्हा विदर्भाचा शेवटचा फलंदाज उमेश यादव होता आणि त्याचा त्रिफळा उडवणारा गोलंदाज धवल होता.

तो सामना वऱ्हाडात पुष्कळांनी पाहिला असेल. पहिल्या डावात मुंबईच्या २२४ धावांना विदर्भ १०५ धावांतच संपला, आणि त्या पडझडीत धवलने तीन गडी काढले. पुढे विदर्भासमोर ५३८ धावांचं लक्ष्य आलं. एवढ्या धावा कोणी करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही शेवटच्या दिवशी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. वाडकर १०२, दुबे ६५. मग मात्र डाव ३६८ वर आटोपला आणि मुंबई १६९ धावांनी जिंकली. शेवटचा गडी उरला तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणेने चेंडू धवलकडे दिला, कारण हा त्याचा अखेरचा सामना होता. प्रथम श्रेणीतल्या त्याच्या शेवटच्या चेंडूवर गडी पडला आणि त्याच चेंडूवर मुंबईने ४२ वा रणजी करंडक जिंकला. आपल्या माणसांच्या पराभवातला क्षण असला, तरी खेळ सोडावा तर असा, असंच मी म्हणेन.

तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट मात्र त्याच्याही आधीची आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने बारा भाषांत समालोचन दिलं, त्यात मराठीही होती. त्या मराठी पथकात केदार जाधव, किरण मोरे, सिद्धेश लाड, कुणाल दाते यांच्यासोबत धवल कुलकर्णीही होता. म्हणजे त्याने माइक आधी धरला आणि चेंडू नंतर ठेवला.

त्याची कारकीर्द थोडक्यात सांगतो. जन्म १९८८ चा, मुंबईचा. २००८-०९ ला रणजीत आला आणि पहिल्याच मोसमात ४२ बळी घेऊन बसला. लगेच न्यूझीलंडच्या दौऱ्यावर कसोटी संघातही निवड झाली, पण तिथे खेळायला मिळालं नाही, आणि पुढेही कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. भारताकडून पहिला एकदिवसीय सामना थेट २०१४ मध्ये, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला. एकूण १२ एकदिवसीय आणि २ टी-ट्वेंटी सामने, एवढंच. प्रथम श्रेणीत मात्र पावणेतीनशेहून अधिक बळी. आयपीएलच्या २०१६ च्या पात्रता सामन्यात गुजरात लायन्सकडून त्याने बंगळूरचे चार गडी अवघ्या १४ धावांत काढले होते. पुढे एबी डिव्हिलियर्सने नाबाद ७९ करून तो सामना ओढून नेला, हा भाग वेगळा. ताशी दीडशे किलोमीटरने चेंडू टाकणारा तो गोलंदाज नव्हता. टप्पा, दिशा आणि डोकं यांवर त्याने सोळा मोसम काढले. असे गोलंदाज माइकपाशी जास्त कामाचे ठरतात, असं माझं मत आहे. त्याचं कारण पिचरच्या कामात सापडतं, म्हणून आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

पिचर हा आपल्या गोलंदाजाचा भाऊ आहे, पण सख्खा नाही. तो धावत येत नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि तिथूनच चेंडू फेकतो. गोलंदाजाला कोपर पंधरा अंशांहून जास्त सरळ करायची मुभा नाही. पिचर कोपर वाकवून, पूर्ण ताकदीने फेकतो. चेंडू जमिनीवर टप्पा घेत नाही, हवेतूनच फलंदाजापाशी पोहोचतो. अंतर साडेसाठ फूट, म्हणजे १८.४४ मीटर. आपली खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत ६६ फूट असते, पण क्रीजपासून क्रीजपर्यंत मोजलं तर ५८ फूटच भरते, त्यामुळे दोन्ही खेळांत फलंदाजाला मिळणारा वेळ जवळपास सारखा. वेगात पिचर पुढे आहे. शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात टाकलेला १६१.३ किलोमीटरचा चेंडू हा क्रिकेटमधला विक्रम. अमेरिकेत अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये ताशी १७० किलोमीटरचा चेंडू फेकला.

फलंदाजाचे गुडघे आणि छाती यांच्यामध्ये, ‘होम प्लेट’ या जमिनीतल्या पट्टीच्या वर, एक कल्पनेतली चौकट असते. चेंडू तिच्यातून गेला आणि फलंदाजाला मारता आला नाही, तर ‘स्ट्राइक’. असे तीन झाले की फलंदाज बाद. चौकटीबाहेरचे चार चेंडू फलंदाजाने सोडून दिले, तर त्याला पहिला तळ (बेस) फुकट मिळतो. सगळा खेळ या तीन आणि चारच्या हिशेबावर चालतो. दोन स्ट्राइक झाल्यावर पिचर मुद्दाम चौकटीच्या जरा बाहेर चेंडू टाकून फलंदाजाला मोहात पाडतो. तीन चेंडू वाया गेले असतील, तर त्याला चौकटीतच यावं लागतं आणि ते फलंदाजालाही ठाऊक असतं. फलंदाजामागे बसलेला कॅचर म्हणजे त्यांचा यष्टिरक्षक. पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे बहुतेक वेळा तोच बोटांच्या खुणांनी सुचवतो. २०२२ पासून त्यासाठी बटणांचं यंत्रही आलं आहे. तुमच्या अमरावतीचा जितेश शर्मा यष्टींमागे उभा असतो, त्याच्याकडे हे कामही दिलं आहे अशी कल्पना करा, म्हणजे कॅचरचं महत्त्व कळेल. अमेरिकेतल्या गाजलेल्या समालोचकांत पिचरांइतकेच कॅचरही आहेत, ते याचमुळे. आपल्या मराठी पथकातले किरण मोरेही यष्टिरक्षकच.

आता दुसरा प्रश्न. याचं अर्धं उत्तर शरीरात आहे. कोपर वाकवून एवढ्या वेगाने फेकायचं, तर कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर भयंकर ताण येतो. तो तुटला की एके काळी पिचरचा खेळ संपत असे. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचा तो अस्थिबंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताचा स्नायुबंध काढून कोपरात बसवला. शस्त्रक्रिया यशस्वी होईल याची खात्री खुद्द डॉक्टरांना नव्हती. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज त्या शस्त्रक्रियेला डॉक्टरच्या नव्हे, रुग्णाच्या नावाने ओळखतात. आपल्या वेगवान गोलंदाजाचा हात सरळ राहतो, म्हणून त्याचा भार कमरेवर आणि पुढच्या पायावर पडतो. पाठीच्या मणक्याला बारीक चीर जाणं हा त्यांचा नेहमीचा आजार. जसप्रीत बुमरालाही २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. चेंडू टाकणाऱ्याचं शरीर त्याच्या डोक्याच्या आधी म्हातारं होतं. तिशी-पस्तिशीला हात थांबतो, आणि खेळाची समज तर तेव्हा कुठे पिकलेली असते.

उरलेलं अर्धं उत्तर पिचरच्या दिनक्रमात आहे. सामना सुरू करणारा पिचर एका दिवशी शंभरच्या आसपास चेंडू फेकतो आणि मग चार-पाच दिवस त्याचा हात विश्रांती घेतो. त्या दिवसांत तो बाकावर बसून सामना पाहतो. उद्या ज्याची पाळी आहे त्या पिचरने आज प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायची, अशी तिथली जुनी रीत आहे : कोणता चेंडू, कुठे पडला, फलंदाजाने काय केलं. पंधरा वर्षं हे केलेल्या माणसाला सामना बघता बघता वाचता येतो. त्यात अमेरिकेत प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो आणि जवळपास प्रत्येक संघाचं स्वतःचं समालोचन-पथक असतं, त्यामुळे बोलणाऱ्यांची गरज कायमच. तुमच्या मुलाने ज्याच्याबद्दल सांगितलं तो बहुधा जॉन स्मोल्ट्झ असावा. अटलांटा ब्रेव्ह्जचा हा पिचर २००० चा सगळा मोसम त्याच टॉमी जॉन शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. परतल्यावर सामना सुरू करण्याऐवजी सामना संपवणारा पिचर झाला आणि काही वर्षांनी पुन्हा सुरुवातीला आला. २०० हून जास्त विजय आणि १५० हून जास्त ‘सेव्ह’ (संघाची आघाडी राखून संपवलेले सामने) एकट्याच्या नावावर असलेला तो इतिहासातला एकमेव पिचर. २०१६ पासून वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे तिथल्या अंतिम मालिकेचं, दूरचित्रवाणीवरचं विश्लेषण तो करतो.

पण या परंपरेतला सगळ्यांत मोठा माणूस स्मोल्ट्झ नाही. त्याची गोष्ट सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

डिझी डीन. जन्म १९१० चा, आर्कान्सा राज्यातल्या लुकस या खेड्यातला. घरचे कापूस वेचणीच्या मजुरीवर जगणारे, शाळा जेमतेम. कापसाच्या मुलखात वाढलेला हा मुलगा सेंट लुइस कार्डिनल्सचा पिचर झाला आणि १९३४ च्या मोसमात त्याने ३० सामने जिंकून दिले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये संघाने डेट्रॉइटला चार विरुद्ध तीन सामन्यांनी हरवलं. त्या चारपैकी दोन विजय डिझीचे आणि दोन त्याचा धाकटा भाऊ पॉल याचे.

१९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात फलंदाजाने मारलेला सणसणीत चेंडू त्याच्या डाव्या पायावर आदळला आणि अंगठा मोडला. तो पुरता बरा होण्याआधीच डिझी मैदानात उतरला. दुखऱ्या पायावर भार पडू नये म्हणून त्याने फेकण्याची ढब बदलली आणि बदललेल्या ढबीने खांदा गेला. एका अंगठ्यापायी देशातला सर्वांत मोठा पिचर संपला. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याने खेळ सोडला आणि सेंट लुइसमध्येच रेडिओवर समालोचनाला बसला.

तिथे तो जसा घरी बोलत होता, तसाच बोलला. व्याकरण खेड्यातलं, क्रियापदं मनाला येतील तशी, कापसाच्या शेतातले वाक्प्रचार. लोक खूश. १९४६ मध्ये मिसूरी राज्यातल्या शिक्षकांनी तक्रार केली की, हा माणूस आमच्या विद्यार्थ्यांची भाषा बिघडवतो. डिझीने बोलणं बदललं नाही आणि श्रोत्यांनी त्याला सोडलं नाही. पुढच्या वर्षी सेंट लुइस ब्राउन्सचे पिचर इतके वाईट खेळत होते की, यांच्यापेक्षा मी बरा, असं तो रेडिओवर उघड म्हणू लागला. संघाच्या मालकांनी त्याला खरोखरच उतरवलं. २८ सप्टेंबर १९४७, मोसमाचा शेवटचा दिवस. सदतीस वर्षांचा, सहा वर्षं खेळ सोडलेला डिझी चार डाव चेंडू फेकत राहिला आणि समोरच्या संघाला एकही धाव मिळाली नाही. फलंदाजीला येऊन त्याने एक फटकाही यशस्वी केला. धावताना पायाचा स्नायू दुखावला, म्हणून थांबला. समालोचकाने स्वतःचं म्हणणं मैदानात उतरून सिद्ध केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. १९५३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर आला. पुढे दहा-बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी सगळी अमेरिका त्याच्या तोंडून बेसबॉल ऐकत होती.

त्याच काळातला दुसरा पिचर वेट हॉइट. बेब रूथचा सहकारी, १९२७ च्या न्यूयॉर्क यांकीजमधला. १९४२ ते १९६५ तो सिनसिनाटी रेड्सचा रेडिओ-समालोचक होता. त्याची ख्याती पावसाची. पावसाने खेळ थांबला की इतर केंद्रांवर गाणी लागत. हॉइट जुन्या खेळाडूंच्या आठवणी सांगत बसे. पाऊस लांबावा असं ऐकणाऱ्यांना वाटे. पुढे त्या आठवणींच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

आता आपल्याकडे येऊ. रवी शास्त्री १९८१ मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळला, तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून, दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला येणारा. सलामीची फलंदाजी पुढची. गुडघ्याने दगा दिला म्हणून १९९२ मध्ये, तिशीतच, त्याची शेवटची कसोटी झाली. ८० कसोटींत १५१ बळी. मग माइक आणि त्यानंतर भारतीय संघाचं प्रशिक्षकपद. २०११ ला वानखेडेवर धोनीच्या विजयी षटकारावर माइकपाशी तोच होता. फक्त ते समालोचन इंग्रजीतलं.

अजित आगरकर दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेला. एकदिवसीय सामन्यांतले पहिले ५० बळी त्याने अवघ्या २३ सामन्यांत घेतले, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. २००२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी शतक, २००३ च्या ॲडलेड कसोटीत ४१ धावांत ६ बळी. कर्णधार म्हणून मुंबईला २०१२-१३ चा रणजी करंडक जिंकून दिला आणि २०१३ मध्ये निवृत्त झाला. नंतर बरीच वर्षं दूरचित्रवाणीवर विश्लेषक. तिथला त्याचा संयम मला आवडायचा. जेवढं ठाऊक तेवढंच बोलायचा. जुलै २०२३ मध्ये तो निवड समितीचा अध्यक्ष झाला आणि समालोचन थांबलं.

झहीर खान अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. ९२ कसोटींत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक २१. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्त होऊन तो हिंदी क्रिकेट-चर्चेत आणि समालोचनात आला. त्याचं नाव इथे घेण्याचं खास कारण आहे. २०११ च्या त्या स्पर्धेत त्याने एक नवा संथ चेंडू बाहेर काढला : नकल बॉल. चेन्नईत वेस्ट इंडीजचा जमलेला डेव्हन स्मिथ आणि अहमदाबादेत उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाचा मायकेल हसी, दोघेही त्यावर त्रिफळाचित झाले. हा चेंडू मूळचा बेसबॉलचा. तिथे पिचर तो बोटांच्या टोकांनी, नखं रुतवून धरतो. तो जवळजवळ फिरतच नाही, म्हणून हवेत कुठे डगमगेल हे फेकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हातावर ताण कमी, त्यामुळे असे पिचर फार वर्षं टिकतात. फिल निक्रो याच चेंडूवर ४८ व्या वर्षापर्यंत खेळला आणि त्याने ३१८ विजय मिळवले. झहीरने तीच पकड क्रिकेटच्या चेंडूवर घटवली. वेगवान चेंडूसारखाच हात फिरवायचा आणि चेंडू मात्र संथ, फिरकीविना सोडायचा. पिचर आणि गोलंदाज यांचं नातं इतक्या थेटपणे कुठे दिसत नाही.

स्त्रियांमध्ये पुण्याची स्नेहल प्रधान भारताकडून मध्यमगती गोलंदाजी करून पुढे क्रिकेटवर लिहू-बोलू लागली. भारतातून खरेखुरे पिचर झालेले दोघे म्हणजे उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. एका स्पर्धेतून निवडले जाऊन २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. रिंकू पुढे पडद्यावर आला, पण कुस्तीच्या रिंगणातून.

मराठी समालोचनाची वाट या सगळ्यांच्या आधी आकाशवाणीवर पडली होती. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित तिथे मराठीतून धावतं वर्णन करत. ते ऐकून क्रिकेट समजलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. रेडिओवरच्या माणसाला चित्र दाखवावं लागतं : मैदान कसं आहे, वारा कुठून, क्षेत्ररक्षक कुठे. दूरचित्रवाणीवर चित्र दिसतंच आहे, तेव्हा तिथे आलेल्या माजी खेळाडूने न दिसणारं सांगायचं असतं. माझी कसोटी एकच. चेंडू पडल्यावर तो चांगला होता की वाईट, हे कोणीही सांगेल. चेंडू पडण्याआधी, आता हा आखूड टाकेल कारण आधीचे दोन चेंडू त्याने फलंदाजाला पुढे यायला लावलं आहे, हे सांगतो तो खरा गोलंदाज-समालोचक. फलंदाज चेंडूला उत्तर देतो. प्रश्न गोलंदाजाच्या मनात आधी तयार होतो. म्हणूनच टप्प्यावर आणि डोक्यावर जगलेला धवलसारखा माणूस त्या खुर्चीसाठी मला योग्य वाटतो.

आणि हे आपल्या भाषेत ऐकायला मिळालं पाहिजे. रिद्धपूरच्या माणसाला हे मी वेगळं काय सांगू? म्हाइंभटांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून लीळाचरित्र सिद्ध केलं, ते तुमच्या गावी, तेराव्या शतकात आणि लोकांच्या बोलीत. आज मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. पाहणाऱ्याने पाहिलेलं लोकांच्या भाषेत सांगावं, याला तुमच्या मातीत सातशे वर्षांहून जुना आधार आहे. खेळाच्या मराठी प्रसारणात पुण्या-मुंबईची बोली ऐकू येते. वऱ्हाडी अजून ऐकू येत नाही. डिझी डीनला मिसूरीच्या शिक्षकांनी जे ऐकवलं, ते वऱ्हाडी पोराला कोणी ऐकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

खेळाची उणीव वऱ्हाडात कधीच नव्हती. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या दोन संघांनी बेसबॉलचा प्रदर्शनीय सामनाही खेळला, हजारो लोकांसमोर. क्रिकेटमध्ये विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ ला लागोपाठ रणजी जिंकला. वानखेडेवरच्या त्या पराभवानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नागपूरच्या उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवून तिसऱ्यांदाही करंडक आणला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमातले आजवरचे सर्वाधिक. उमेश यादव, रजनीश गुरबानी, आदित्य सरवटे, हर्ष दुबे : विदर्भाकडून खेळलेले, सांगण्यासारखं असलेले गोलंदाज भरपूर आहेत. त्यांतला कोणी वऱ्हाडी ढंगात माइकवर बोलेल, त्या दिवशी तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होईल.

तुमच्या घरच्या मुलांसाठी एक सांगतो. त्यांना बेसबॉल आवडतो, तर शाळेत चौकशी करा. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. आणि बोलायची हौस असेल, तर मोबाइलचा आवाज बंद करून एक षटक स्वतः बोलून बघायला सांगा. ते मोबाइलवरच ध्वनिमुद्रित करावं आणि दुसऱ्या दिवशी ऐकावं. गुण, षटक, गोलंदाजाचं नाव किती वेळा सांगितलं? चेंडू पडत असताना भलतंच काही बोलत होतो का? श्वास घ्यायला कुठे थांबलो? रेडिओसाठी एक प्रयोग, दूरचित्रवाणीसाठी दुसरा. पहिल्यात भरपूर बोलायचं, दुसऱ्यात गप्प राहायला शिकायचं. गुणलेखन शिकून घ्यावं, कारण जुना हिशेब हाताशी नसलेला समालोचक पाऊस आला की मुका होतो.

गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत भोंग्यावर बोलणारा कोणीतरी असतोच. पुढच्या हंगामात तुमच्या मैदानावर ते काम एखाद्या खेळ सोडलेल्या गोलंदाजाला देऊन पाहा, शेजारी तुमच्या मुलाला बसवा, आणि दोघांनाही वऱ्हाडीतच बोलू द्या. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही खेळले जाणार आहेत; तोवर त्याला दोन्ही खेळ चांगले समजून सांगता यायला हवेत.